नवरात्रातली गोळी

माझं लग्न ठरलं तेव्हा ब्लाऊजच्या बाह्या कोपराच्या खाली हव्यात की वर, यावरून माझ्या आईचा शिंप्याशी चांगलाच वाद झाला होता. शिंपी म्हणत होता, मे महिन्यातलं लग्न आहे, पोरगी उकडून निघेल. आई ऐकायला तयार नव्हती. बाह्यांखाली काय आहे ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. दंडापासून मनगटापर्यंत बारीक बारीक जखमा होत्या, काही ओल्या, काही खपली धरलेल्या, काहींचे नुसतेच काळे डाग उरलेले. कुणी मारलेलं नव्हतं की काही चावलेलं नव्हतं. सगळ्या जखमा मीच केलेल्या होत्या, माझ्याच नखांनी.

हे कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. इगतपुरीला आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं. पावसाळ्यात तिथं भिंतीला टेकलं तरी पाठ ओली व्हायची, कपडे शेगडीवर धरून वाळवावे लागायचे, आणि दमट कपड्यांनी अंगावर पुटकुळ्या यायच्या. खाजवायच्या सगळ्याच पोरी. माझं मात्र पुटकुळी गेली तरी बोट तिथंच फिरत राहायचं. कातडीवर कुठे खरखरीत लागतंय का, कुठे खपली सुटत आलीय का, हे ते बोट माझ्या नकळत शोधायचं. सापडलं की ते काढून टाकल्याशिवाय जिवाला चैन नसायची. काढलं की क्षणभर इतकं मोकळं वाटायचं, आणि मग रक्त दिसलं की स्वतःची किळस यायची. उद्यापासून नाही, असं रोज ठरवायचं आणि रोज मोडायचं. आई हातावर चापट मारायची. वडील म्हणायचे, सवय आहे, लग्न झालं की जाईल. माझा तापट स्वभावही लग्नानंतर जाईल असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही गेलं नाही.

सासर नाशिकला, इंदिरानगरच्या पलीकडे. तिथं आता बिल्डिंगा आहेत, पण नव्वदच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत तिकडे मळे होते आणि आमच्या मळ्यात फुलं होती. उन्हाळ्यात मोगरा, पुढे शेवंती, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. फुलं खुडायची, पडवीत बसून माळा आणि हार बांधायचे, आणि माझा नवरा ते टेम्पोतून फुलबाजारात घेऊन जायचा. घरात आम्ही दोन सुना. मी थोरली, आणि माझ्यामागून वर्षाच्या आत आलेली धाकटी जाऊ. या सगळ्यांच्या वर सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात.

आत्याबाईंबद्दल मी कितीही लिहिलं तरी थोडंच होईल. अंगानं काटकुळ्या, नऊवारी लुगडं, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर शेजारच्या मळ्यातला माणूस आधी उभा राहायचा. माळ बांधायला बसल्या की मी माझं काम विसरून बघत राहायची. केळीच्या खोडाचं वाळवलेलं सोपट पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि दोन्ही हातांनी फुलं धरून गाठी मारत जायचं. नजर बोटांवर नसायचीच. ती असायची दारातल्या गिऱ्हाइकावर, त्याच्याशी भांडण चालू. भांडण संपेपर्यंत माळ संपलेली असायची, आणि त्या माळेत एक फूल वाकडं सापडलं तर शपथ.

पण फुलांच्या बाबतीत त्या फार कडक. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, खाली पडलेलं फूल माळेत घालायचं नाही, बोट कापलं असेल तर त्या दिवशी फुलांना हात लावायचा नाही. मला हे सगळं आवडायचं. माझ्या बोटांना सतत काही ना काही काम हवं असायचं आणि इथं तर कामाचा ढीग पडलेला. पहिल्याच हंगामात मी आत्याबाईंच्या खालोखाल माळा बांधायला लागले. हातात फूल असेपर्यंत माझी कातडी सुरक्षित होती. घोटाळा व्हायचा तो हात रिकामे झाले की. चहाला उकळी येईपर्यंत, वीज गेली की, दुपारी सगळे आडवे झाले की.

नवरात्रात आमच्याकडे देवीचा घट बसतो आणि त्यावर रोज एक माळ चढते. पहिली माळ, दुसरी माळ, असे दिवस आम्ही माळेनंच मोजतो. घटाची माळ बांधायची थोरल्या सुनेनं, अशी घराची रीत. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात त्या सगळ्या माळा मी बांधल्या. आत्याबाईंनी रोज माळ हातात घेऊन उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता घटावर सोडली. त्यांचं काही न बोलणं म्हणजे केवढी शाबासकी, हे मला तोवर कळायला लागलं होतं. इतका मान मला माहेरी कधी मिळाला नव्हता.

त्याच थंडीत सगळं बिघडलं. थंडीत नखांच्या कडेची कातडी सुटते आणि माझ्या बोटांना ते आयतंच मिळालं. एका पूजेसाठी पांढऱ्या शेवंतीचा मोठा हार मी बांधून ठेवला होता. आत्याबाईंनी तो उचलला, उजेडात धरला, आणि मधल्या एका फुलावर त्यांचं बोट थांबलं. तांबडा ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, बाही वर सरकवली, आणि पहिल्यांदाच सगळं पाहिलं. हार उकिरड्यावर गेला. दुसरा हार त्यांनी स्वतः बांधला आणि मग मला म्हणाल्या, उद्यापासून तू खुरपणीला जा.

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण खुरपं हातात धरून वाफ्यात बसल्यावर डोळ्यांतून पाणी यायचं ते रागाचं नव्हतं. पडवीतल्या हसण्याबोलण्याचे आवाज वाफ्यापर्यंत यायचे. बोटं बरी झाली नाहीत तर यंदा घटाची माळ धाकटीकडे जाणार, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण कळत सगळ्यांना होतं. आणि एकदा ती गेली की मग मी या घरात फुलांची कुणी राहणार नव्हते.

आत्याबाईंच्या मते ही उष्णता होती. मग काय, सब्जाचं पाणी, गुलकंद, तळपायाला एरंडेल, कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ. मी बाहेरूनही कडू होऊन गेले. बोटांना जुन्या धोतराच्या चिंध्या बांधून झाल्या. त्या मी झोपेत सोडायची. एवढं होऊनही त्या मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. मीच त्यांच्या जागी असते तर पहिल्या आठवड्यात कडाडले असते.

पावसाळ्याच्या तोंडावर नवरा मला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दोन-तीन मलमं झाली. मलमानं जखम भरायची आणि खपली आली की मी ती काढायची. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पाठ दाखवायला सांगितली. नर्सला जवळ बोलावून त्यांनी माझी पाठ तिलाही दाखवली. खांद्यांवर डाग होते, कमरेशी होते, आणि मधे मोठा पट्टा स्वच्छ.

"जिथं तुमचा हात पोचत नाही, तिथं हा रोगही पोचत नाही," डॉक्टर म्हणाले.

रागावून नाही, अगदी साधेपणानं. मला वाटलं आता आईसारखी चापट बसणार. पण ते म्हणाले, हा कातडीचा आजार नाही, हात थांबत नाहीत याचा आजार आहे, आणि त्याला औषध आहे, फक्त ते माझ्याकडे नाही. त्यांनी एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. इतक्या वर्षांत याला आजार म्हणणारा पहिला माणूस तो. त्याच्या आधी ती सवय होती, खोड होती, उष्णता होती.

नवऱ्यानं स्कूटर सरळ घरी आणली. वेड्याच्या डॉक्टरकडे बायकोला न्यायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. लोक काय म्हणतील, धाकट्या भावाच्या सासरचे काय म्हणतील, असं तो आत्याबाईंना सांगत होता. आत्याबाईंनी हातातलं फूल खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दात दुखला तर दातवाल्याकडं जातो ना? हिचं हात ऐकत नाय. हात ज्याचं ऐकत्यात त्याच्याकडं जायचं. तू नको येऊ, मी नेते."

आणि नेलं. दवाखान्यात बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. आत्याबाईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डॉक्टरीणबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा. तेवढ्यात समोरून फुलबाजारातलं आमचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, आपल्या भावाला घेऊन. त्या माणसानं आम्हाला ओळखलं, थबकला, माझ्या लांब बाह्यांकडे पाहिलं आणि विचारलं, इकडे कशा काय, कुणाला दाखवायला?  सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बाजारात झालं असतं.

"मलाच," आत्याबाई म्हणाल्या. "झोप लागत नाय मला. सून बिचारी घिऊन आली."

आत्याबाई म्हणजे रात्री आठला पडल्या की पहाटे कोंबड्याच्या आधी उठणाऱ्या बाई. पुढे बाजारात कुणी कुणी त्यांच्या झोपेची चौकशी करायचं आणि त्या गंभीर चेहऱ्यानं, आता बरी लागती, असं सांगायच्या. या गोष्टीवर मी आयुष्यात कधी त्यांचे आभार मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर त्यांनी मलाच झापलं असतं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, बोलायला शांत. त्यांनी सगळं विचारलं आणि एक गोळी लिहून दिली. गोळी उदासीनतेवरची आहे म्हणाल्या. मी लगेच उसळले. मी म्हटलं, मी उदास नाही, मी चिडकी आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, हीच गोळी अशा हातांनाही कामी येते, सगळ्यांना येते असं नाही, पण पुष्कळांना येते. हात जायच्या आधी मनात जी ओढ लागते ती या गोळीनं कमी होते. लगेच नाही, काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, म्हणून रात्री जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही. आणि गोळी तिचं काम करील तेव्हा तुम्ही तुमचं करायचं, हात रिकामा ठेवायचा नाही. त्यावर आत्याबाईंनी मधेच विचारलं, सोपटाला गाठी मारत बसली तर चालंल का? बाईंनी चालेल म्हटलं. तेव्हापासून माझ्या कमरेला सोपटाचा एक गुंडाळा कायम खोचलेला असायचा. चहा उकळेपर्यंत मी गाठी मारायची.

गोळ्यांचं पाकीट आत्याबाईंनी ताब्यात घेतलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात, कुंकवाच्या करंड्यामागे ठेवलं. रोज रात्री माझं जेवण झालं की त्या हात धुवून एक गोळी काढून तळहातावर ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि जांभया, बाकी काही नाही. मी कटकट केली की हे नुसतं खूळ आहे. त्या म्हणाल्या, झेंडू लावल्या लावल्या फुलतो का?

मग एक दिवस भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं की अंगठ्याच्या कडेची कातडी वाढून नखाला चिकटलीय. नवी, गुलाबी कातडी. ती तिथं किती दिवस होती कोण जाणे, मी तिला हातच लावला नव्हता. ओढ पार गेली असं नाही झालं. पण आधी ती कानाशी ओरडायची, आता लांबच्या मळ्यातून कुणीतरी हाक मारावी तसं झालं. ऐकू यायचं, पण ओ द्यायलाच पाहिजे असं नव्हतं. एवढुशी पांढरी गोळी, मधे रेघ असलेली. इतकी वर्षं मी शपथा घालून, देवाला नवस बोलून, स्वतःला शिव्या देऊन जे जमवू शकले नव्हते ते तिनं गुपचूप केलं. मला त्या गोळीचं आजही फार कौतुक आहे, आणि कुणी अशा गोळ्यांना नावं ठेवायला लागलं की माझा जुना स्वभाव वर येतो.

गौरी-गणपती झाले आणि आत्याबाईंनी एका सकाळी माझे हात पाहिले, आधी पालथे, मग उताणे, आणि पडवीत स्वतःच्या शेजारी माझ्यासाठी पोतं अंथरलं. घटाची माळ यंदा तूच बांध, म्हणाल्या. धाकटी जाऊसुद्धा मनापासून हसली. घटाची माळ बांधायचं तिच्या छातीवर दडपण आलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

आणि इथं आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली. ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. नवरात्रात आमच्याकडे सगळ्यांना नऊ दिवस उपास. घरात तेव्हा लहान मूल नव्हतं, त्यामुळे धान्य शिजायचंच नाही. तवा धुवून, पुसून खुंटीला टांगला की तो दसऱ्यालाच उतरायचा. फराळाला वरी, साबुदाणा, शेंगदाणे, केळी. फराळ म्हणजे काही जेवण नव्हे. जेवणानंतर घ्यायची गोळी जेवणच नाही तर घ्यायची कशी? एकादशीला आम्ही ती टाळतच होतो आणि काही बिघडलं नव्हतं. घट बसला त्या दिवशी आत्याबाईंनी फडताळ बंद केलं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बारावीपर्यंत शिकलेली मी, मला वाटलं, बरं झालं, देवीच्या दिवसांत औषधाचं किटाळ नको.

तिसऱ्या माळेला मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. चौथ्या माळेला सकाळपासून मला रडू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं. संध्याकाळच्या आरतीला आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका जमल्या होत्या. टाळ्यांच्या आवाजात माझं डोकं गरगरलं, अंग थरथरलं आणि मी पुढे झुकले. एका बाईनं लगेच, आली, आई आली, असा पुकारा केला. कुणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी पाया पडलं, आणि एकीनं तर तिच्या मुलाला नोकरी कधी लागेल ते विचारूनही टाकलं. मला आठवतंय, मी तशा अवस्थेतही चिडले होते की हिच्या मुलाचं मला काय विचारते. तेवढ्यात आत्याबाई गर्दीत घुसल्या. म्हणाल्या, देवी नाही, पोरीला चक्कर आलीय, बाजूला व्हा आणि वारा येऊ द्या. अंगात आलेली सून म्हणजे घराचा केवढा मान. दारात नारळांची रांग लागली असती. त्यांनी तो मान असा हातानं बाजूला सारला आणि मला धरून आत नेलं.

पाचव्या माळेच्या सकाळी मी पडवीत बसले. पाचवी माळ आमच्याकडे पांढऱ्या शेवंतीची. सोपट अंगठ्यात अडकवलं, पहिली गाठ मारली, आणि फूल धरताना दिसलं की उजव्या अंगठ्याची नवी कातडी नाही. आदल्या रात्री कधीतरी मी ती काढली होती. शेवंतीच्या पाकळीवर ठिपका पडला. मी ते फूल उचलून बाजूला ठेवलं, मग सगळी माळच बाजूला ठेवली, आणि आत्याबाईंना हाक मारली. त्यांना दाखवलं. माझ्या तोंडून एवढंच आलं की माळ धाकटीला द्या.

त्यांनी माळ कुणालाच दिली नाही. लुगडं सावरलं आणि मला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या. दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टरीणबाई गावाला गेलेल्या. फोनवरच्या मुलीनं विचारलं, गोळी चालू आहे ना? आत्याबाईंनी ओरडून सांगितलं, उपास हाय, बंद केली. तिकडे ती मुलगी घाबरूनच गेली. अशी गोळी एकदम बंद करायची नसते, म्हणाली, त्यानंच चक्कर येते, आजच्या आज सुरू करा, जेवणानंतर द्या. बस्स, एवढंच बोलणं झालं.

परत येताना आत्याबाई पुढे चालत होत्या आणि मी मागे. घरात शिरल्या त्या सरळ घटापुढे जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलतात तशा कमरेवर हात ठेवून देवीशी बोलल्या. "पाप लागायचं तर मला लाव. पोरीचं नाव घिऊ नको. पाचव्या माळेला आमच्याकडं भाकर, ध्यानात ठेव." मग खुंटीवरचा तवा उतरवला.

नवरात्राच्या दिवसांत त्या घरात बाजरीच्या भाकरीचा वास सुटलेला मी कधी अनुभवला नव्हता. धाकटी जाऊ दारात येऊन तशीच उभी राहिली. माझ्यापुढे ताट आलं, भाकरी, पिठलं, कांदा. माझा हात पुढे होईना. एवढ्याशा गोळीसाठी सगळ्या घराचा उपास चालू असताना मी एकटीनं बसून जेवायचं? मी मान हलवली. म्हटलं, घशाखाली उतरणार नाही.

आत्याबाई माझ्यासमोर फतकल घालून बसल्या. लहान मुलगी असल्यापासून त्यांनी हा उपास धरलेला. दोन्ही मुलं पोटात असताना धरलेला, मामंजी गेले त्या वर्षीही धरलेला. त्यांनी माझ्या ताटातली भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावून गिळला.

"घे," म्हणाल्या. "आता दोघींचा मोडला."

मी जेवले. रडत रडत, नाक पुसत, पण अख्खी भाकरी खाल्ली. मग त्यांनी हात धुवून फडताळातून गोळी काढली आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. त्यानंतर माझ्या अंगठ्याला स्वच्छ चिंधी बांधली आणि आम्ही दोघी पडवीत बसलो. मी डाव्या हातानं फुलं निवडून देत होते आणि त्या गाठी मारत होत्या. पोटात भाकरी असलेल्या दोन बायकांनी देवीची पाचवी माळ बांधली. उजेडात धरून पाहिली तर एकही फूल वाकडं नव्हतं. दसऱ्यापर्यंत रोज दुपारी आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली, बाकीच्यांनी उपास केला, आणि मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. कुणाची बिशाद होती?

दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर आम्ही डॉक्टरीणबाईंना भेटायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाल्या, अहो, साबुदाण्याची खिचडी खाऊन घेतली असती तरी चाललं असतं. पोटात काहीतरी असलं की झालं.

आत्याबाईंनी पिशवी उचलली आणि आम्ही रिक्षात बसलो.  रिक्षा द्वारका चौकातून वळली तेव्हा म्हणाल्या, "मंग ते आधी सांगायचं नाय का." आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. मीही हसले. घरी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

पुढच्या नवरात्रात गोळी मी खिचडीवर घेत होते, हात छान होते, पाचवी माळ मी एकटीनं बांधली. तरी दुपारी बघते तर आत्याबाईंनी तवा उतरवलेला. मी आठवण करून दिली की डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय. त्या म्हणाल्या, देवीला सांगून ठेवलंय, पाचव्या माळेला आपल्याकडं भाकर, आता शब्द फिरवू का? त्या वर्षीपासून सगळं घर त्या दुपारी जेवायला लागलं, नवरासुद्धा. शेजारच्या बायका कुजबुजायच्या. कुणी तोंडावर विचारलं तर आत्याबाई, आमच्याकडं तशी रीत हाय, एवढंच सांगायच्या, जणू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

माझी गोळी काही वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी हळूहळू कमी केली, आधी अर्धी, मग एक दिवसाआड, मग बंद. मळाही असाच कमी होत गेला, आधी रस्त्याकडचा तुकडा, मग विहिरीपलीकडचा. दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात, मोगऱ्याच्या भरात, आत्याबाई गेल्या. महिनाभर आजारी होत्या. त्यांच्या उशाशी बसून बसून माझे हात रिकामे राहिले आणि जुनी ओढ परत आली. एकदा त्यांनी पडल्या पडल्या माझी बाही वर सारली, पाहिलं, आणि बोलायचं त्राण नव्हतं म्हणून बोटानं फडताळाकडे खूण केली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन गोळी पुन्हा सुरू केली.

त्यानंतरच्या नवरात्रात पाचव्या माळेला मी पांढऱ्या शेवंतीची माळ बांधली आणि घटावर सोडली. दुपारी धाकटी जाऊ स्वयंपाकघरात खुंटीपाशी उभी होती. म्हणाली, वहिनी, यंदा तवा उतरवायचा का? आता आत्याबाई नाहीत. मी तवा उतरवला. भाकरी झाल्या, ताटं वाढली, सगळे बसले, आणि कुणीच सुरुवात करेना. दरवर्षी सुरुवात करणारं माणूस त्या पंगतीत नव्हतं. मी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास घेतला.